बक्कलकाकांचे तीन ठिपके

बक्कलकाकांना मी एकदा सगळ्यांसमोर गप्प केलं होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी निवृत्त झाले, काका तर या जगातही राहिले नाहीत. पण ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. भाजी निवडताना, दात घासताना, कधीही ते आठवतं आणि हात थांबतो. काका फार चांगले होते, एवढं लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण त्यांचा चांगुलपणा सांगायचा तर माझा आगाऊपणा सांगावाच लागतो. दोन्ही एकाच दोऱ्याने शिवलेले आहेत.

आमचं केंद्र म्हणजे एक बैठी, लांबलचक इमारत. पायांनी अधू असलेली मुलं तिथे यायची. कुणाचे पाय जन्मापासून ताठ, कुणाच्या स्नायूंतली ताकद वर्षावर्षाला कमी होत चाललेली, कुणाचा पाय अपघातात गेलेला. डॉक्टर तपासायचे, मुली व्यायाम शिकवायच्या, आणि मूल किती चालतं, कसं चालतं हे मोजायचं काम माझं. लोकांना वाटतं, त्यात मोजायचं काय? चालतं तर चालतं, नाही तर नाही. माझ्या सासूबाईंचा तर शेवटपर्यंत समज होता की मी दिवसभर हातात घड्याळ घेऊन नुसती उभी राहते.

मोजणी व्हायची व्हरांड्यात. पंधरा मीटरचा सरळ पट्टा, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, दर मीटरला फरशीवर पिवळ्या रंगाची रेघ. मुलाने या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, असं सहा मिनिटं. दमलं तर भिंतीला टेकायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. वेळ संपली की मी फेऱ्या मोजून मीटर लिहायचे. त्या आकड्यावर पुष्कळ काही ठरायचं: शस्त्रक्रिया करायची का, काठ्या द्यायच्या का, चाकाची खुर्ची मिळणार का.

या मोजणीचे नियम कडक. मोजणाऱ्याने मुलाच्या अर्धं पाऊल मागे राहून चालायचं. पुढे नाही, बरोबरीने नाही. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात बोलायचं, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं." बस्स. टाळ्या नाहीत, 'अजून जोरात' नाही. कारण मोजणाऱ्याने ओढलं की मूल त्याच्या ओढीने चालतं, स्वतःच्या चालीने नाही. हे सगळं मी नव्या मुलींना घोटून घोटून शिकवायचे. स्वतः मात्र पाळायचे नाही.

मी मुलांच्या पुढे उलटी चालत जायचे, टाळ्या वाजवत. "ये, ये, ये! पकड मला! वाघ आहेस की मांजर?" आणि मुलं चालायची. ज्याला आईने कडेवर आणलं ते शंभर मीटर चालून दाखवायचं. आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन आले की मुद्दाम माझ्या व्हरांड्यात आणायचे आणि म्हणायचे, "बाईंच्या हाताला गुण आहे." मी वरवर "छे हो" म्हणायचे आणि आतून फुगायचे. लाथ मारीन तिथे पाणी काढीन, अशी माझी गुर्मी होती त्या दिवसांत.

बक्कलकाका बसायचे त्याच व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीखालच्या बाकावर. मुलांच्या पायांना आधार देणारे पट्टे, खास बूट, त्यांची बकलं यांची दुरुस्ती हे त्यांचं काम. आधी ते बॅगा शिवण्याच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटलेली; इथे आले ते इथेच राहिले. बुटके, गोल, टकलावर नेहमी कसलं तरी चामड्याचं कुसळ. चष्म्याची एक दांडी मोडलेली, ती मेणाच्या दोऱ्याने गुंडाळलेली. जगाची बकलं लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या चष्म्यासाठी सवड नव्हती. समोर ऐरण, चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, आणि ओठांत कायम दोन खिळे. बोलायचं झालं की ते काढून खिशात टाकायचे, बोलणं झालं की पुन्हा ओठांत.

मुलांशी त्यांचं निराळंच चालायचं. "या साहेब, गाडी दुरुस्तीला आणलीत? तेलपाणी करून देतो, पण भरधाव सोडू नका. मागे एकाने सोडली, तर पोलीस माझ्याकडे आले." मूल खुदकन हसायचं. आईला मात्र ते एकच प्रश्न विचारायचे, तोही मान खाली घालून, सहज विचारल्यासारखा: "घरी कसं काय करतो?"

व्हरांड्यातल्या त्या पिवळ्या रेघा काकांनीच काढलेल्या. रंगाचा उरलेला डबा त्यांनी बाकाखाली ठेवून दिला आणि त्यातून त्यांचं ते खूळ सुरू झालं. बूट दुरुस्त झाला की तळाला तीन ठिपके द्यायचे. एक टाचेला, एक चवड्याला, एक अंगठ्याच्या टोकाशी. बाजूला आरीच्या टोकाने तारीख कोरायची. पुढच्या खेपेला बूट आला की आधी उलटा करून बघायचे, कुठला ठिपका झिजला आणि कुठला राहिला. टाचेचा शाबूत आणि पुढचे दोन गेलेले, म्हणजे पोर चवड्यांवर चालतं. डाव्या बुटाचे गेले, उजव्याचे राहिले, म्हणजे सगळा भार डावीकडे. तिन्ही जसेच्या तसे, म्हणजे बूट पायात जातो पण जमिनीला लागत नाही.

मला ते सगळं गमतीचं वाटायचं. "काकांचं ज्योतिष कार्यालय," असं मी म्हणायचे आणि मुली हसायच्या. काकाही हसायचे. "हात बघणारे पायलीला पन्नास आहेत बाई," ते म्हणायचे, "पाय बघणारा एखादा असावा."

मुकादम आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. हे नाव काकांनीच ठेवलेलं. बाकावर बसून ती सगळ्यांना कामं सांगायची. "काका, खिडकीची काच पुसा, बाहेरचं दिसत नाही." "बाई, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय, पडाल." दोन्ही पाय जन्मापासून ताठ, गुडघे एकमेकांना घासायचे. कोपरापर्यंत येणाऱ्या दोन काठ्यांवर भार टाकून ती चालायची. वडील नव्हते. आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. सकाळी मुलीला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायची, मग कामावर जायची, दुपारी धावत येऊन पुन्हा पाठीवर घेऊन घरी. पोर वाढत होती, आईची कंबर काही वाढत नव्हती. उसण भरून ती दोनदा अंथरुणाला खिळली होती.

म्हणून तिने अर्ज केला होता. चाकाची खुर्ची, आणि खुर्चीसकट मुलांना चढवून घेणाऱ्या शाळेच्या गाडीत जागा. अट सरळ होती. सहा मिनिटांत दीडशे मीटरच्या आत चालणाऱ्या मुलालाच ते मिळायचं. त्याच्या वर गेलं की मूल 'चालणारं' धरायचं. आणि आकडा लिहिणार मी.

मोजणीच्या आधी आई हळूच म्हणाली, "बाई, घरी ती रांगतेच. शाळेतही. काठ्या घेते ती फक्त..."

"आई, गप ना!" मुकादम ओरडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

मी आईला म्हटलं, "घरी रांगते कारण तुम्ही रांगू देता. तुम्ही सारखं उचलून घेतलंत तर ती पाय कशाला टेकेल?"

जिची कंबर मुलीला उचलून उचलून कामातून गेली होती त्या बाईला मी हे सुनावलं. तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

मग मी माझा खेळ मांडला. उलटी चालले, टाळ्या वाजवल्या, "मुकादम, पकड मला, पकड!" ती दात ओठ खाऊन येत होती. चौथ्या मिनिटाला तिचे हात काठ्यांवर थरथरायला लागले. मी म्हटलं, "दमलीस? मग मी दुसऱ्या कुणाला पहिला नंबर देऊ?" ती थांबली नाही. सहा मिनिटं झाली तेव्हा अकरा फेऱ्या झाल्या होत्या आणि वर तीन मीटर. एकशे अडुसष्ट.

"पहिला नंबर?" तिने धापा टाकत विचारलं.

"पहिला! आणि आता रांगायचं नाही हं. रांगतात ती बाळं. तू चालणारी आहेस."

तिने एवढी मान डोलावली की वेणी हलली. मी खूश होते. खरंच खूश होते, हे लिहायला आज लाज वाटते.

तेवढ्यात बक्कलकाका बाकावरून उठून आले. हातात मुकादमचे बूट. बकल सैल झालं म्हणून मोजणी संपताच तिने ते त्यांना दिले होते. व्हरांड्यात तेव्हा आई होती, व्यायाम शिकवणाऱ्या दोघी मुली होत्या, दोन-तीन दुसरी मुलं आणि त्यांचे आईबाप होते. काकांनी ओठांतले खिळे काढले.

"बाई, एक मिनिट. हे जरा बघता का? सहा महिन्यांपूर्वी दिलेले ठिपके. आज घासले गेले तेवढेच, बाकी तिन्ही जसेच्या तसे आहेत. आणि हे वरून बघा." बुटांच्या टोकांवरचं चामडं पार सोलून आतला दोरा बाहेर आला होता. "हा चालून झिजलेला बूट नाही. रांगताना पाय मागे ओढला जातो ना, त्याने झिजलाय. आज चालली ती तुमच्यासाठी चालली. रोजची ती ही आहे."

त्यांचं म्हणणं खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं का? थोडं कळलं होतं. म्हणूनच तर एवढी चिडले.

"काका, तुमचं काम शिवायचं, माझं मोजायचं," मी म्हटलं. "बुटाच्या तळावरून मूल कळत असतं तर आम्ही एवढी वर्षं शिकलो कशाला? जा, जागेवर बसा."

काकांनी बूट पुन्हा सरळ केले. "बरं, बाई," म्हणाले, जाऊन बसले आणि खिळे पुन्हा ओठांत धरले.

त्यानंतर ते ठिपक्यांबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत. रुसले वगैरे नाहीत. सकाळी नमस्कार करायचे, माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर न सांगता शिवून ठेवायचे. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी भांडायला कधी मागे हटत नाही.

मी कागदावर लिहिलं, 'एकशे अडुसष्ट मीटर. काठ्यांच्या आधाराने स्वतंत्रपणे चालते.' अर्ज नामंजूर झाला. आई ते पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, यात काही चूक तर नाही ना झाली?"

"चूक कसली? आनंदाची बातमी आहे ही! तुमची मुलगी चालते, असं सरळ लिहिलंय."

तिने पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली आणि गेली.

सहा-सात महिने गेले असतील. एका दुपारी काकांनी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेले बूट आणून ठेवले. "मुकादमचे आहेत. दुसऱ्यांदा दुरुस्तीला आले होते, दोन महिने झाले, न्यायला कुणी फिरकलं नाही. तुमच्या घरच्या वाटेवरच आहे. जाता जाता देता का?"

मी आनंदाने घेतले. म्हटलं, चला, आपल्या पहिल्या नंबराला भेटू.

दुकानांच्या रांगेमागे तळमजल्याला त्यांची एक खोली होती. दार उघडंच होतं. आई जमिनीवर सतरंजी टाकून पाठीवर पडली होती, गुडघ्यांखाली उशी. मी हाक मारणार तेवढ्यात पलंगाच्या मागून धपधप आवाज आला आणि मुकादम बाहेर आली. रांगत. दातांत वही धरलेली, एका हातात पाण्याचा पेला, तो न सांडता ती झपाझप आईकडे निघाली होती. मी तिला इतके महिने ओळखत होते. पण तिला असं सहज, चेहरा न पिळवटता हलताना मी पहिल्यांदा बघत होते.

मग तिने मला पाहिलं. दातांतली वही पडली.

"बाई! मी रांगत नव्हते. माझी... माझी पेन्सिल पडली होती, ती शोधत होते." पेला घाईने खाली ठेवताना तिने सांडलाच. तिची नजर काठ्या शोधत होती. त्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या होत्या, तिच्या हाताच्या कितीतरी वर. "थांबा हं बाई, जाऊ नका. मी चालून दाखवते."

"राहू दे गं," मी म्हटलं. ती ऐकेना. पलंगाचा पाय धरून उभी राहिली, टेबलाला धरून चार पावलं आली आणि मटकन खाली बसली. बसल्या बसल्या तिने फ्रॉक ओढून गुडघे झाकले. नऊ-दहा वर्षांची पोर स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला पाणी देत होती आणि मी आले म्हणून चोरी पकडल्यासारखी झाली होती.

आईने पडल्या पडल्या सांगितलं. कंबर पार गेली होती, शाळेत पोचवणं बंद होऊन दीड महिना झाला होता. पण त्याआधीच काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी मुकादम शाळेत वर्गातून नळापर्यंत, संडासापर्यंत बिनधास्त रांगत जायची. मुलांनाही सवय झाली होती. मोजणीनंतर तिने ते सोडलं. काठ्यांनी तिथवर पोचायला तिला वेळ लागायचा, दमायची, म्हणून ती सकाळपासून सुटेपर्यंत एका जागी बसून राहायची. सकाळी पाणी प्यायचं बंद केलं. एक दिवस वर्गातच आवरलं नाही. पोरं हसली. त्यानंतर ती शाळेचं नाव काढू देईना.

"मी म्हटलं, रांग की पूर्वीसारखी," आई म्हणाली. "तर म्हणते, बाई म्हणाल्यात, रांगतात ती बाळं."

हे तिने मला टोचून बोलायला सांगितलं नाही. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगितलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी मुकादमच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. फ्रॉकखालून चामड्याच्या जाड गाद्या दिसत होत्या, आतून कापूस भरलेल्या, मागे बकलं.

"या कुणी दिल्या?"

"काकांनी," मुकादम पुटपुटली. "दर रविवारी येतात."

प्रत्येक गादीवर तीन ठिपक्यांच्या खुणा होत्या. पिवळा रंग जवळजवळ उरलाच नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काका दर रविवारी इथे येत होते, तर बूट त्यांनाही आणता आले असते. त्यांनी मला बूट द्यायला पाठवलं नव्हतं, बघायला पाठवलं होतं. तोंडाने सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

आता कुणी म्हणेल, बाई शहाण्या झाल्या. कसल्या? जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी मी पहिला विचार केला तो स्वतःचं नाक वाचवण्याचा. पुन्हा मोजणी वर्षाच्या आत करता यायची नाही. करायची तर आधीची चुकली असं मोजणाऱ्याने लिहून द्यावं लागायचं, किंवा मुलाची प्रकृती बदललीय असं. मी दुसरं लिहिलं. म्हटलं, या खेपेला आकडा आपोआप कमी येईल, गुपचूप काम होईल, कुणाला काही कळायला नको.

आईला आणि मुकादमला मी रिक्षाने घेऊन आले. तिला सांगितलं, "आज हळू चाल. तुला जमेल तेवढंच." आणि कित्येक वर्षांनी मी नियमाप्रमाणे तिच्या अर्धं पाऊल मागे चालले. हात बांधून. "छान चाललंय, अजून पाच मिनिटं."

ती सारखी वळून माझ्याकडे बघायला लागली. टाळ्या नाहीत, पुढे कुणी नाही, पकडायचं कुणाला? दुसऱ्या मिनिटाला तिने विचारलं, "बाई, रागावलात?"

मोजताना बोलायचं नसतं. मी गप्प राहिले. मी रागावलेच आहे असं तिने धरलं, आणि जीव तोडून चालायला लागली. मान पुढे, ओठ पांढरे, काठ्यांचा खाडखाड आवाज. काकांचा हातोडा थांबलेला मला ऐकू आला. सहा मिनिटं संपली तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. एकशे चौऱ्याहत्तर. आधीपेक्षा सहा मीटर जास्त.

घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "मग लिहून टाक की चुकलं म्हणून. दोन ओळी तर आहेत."

"तुमचं काय जातंय दोन ओळी म्हणायला!" मी त्यांच्यावर एवढी तडकले की दोन दिवस घरात अबोला होता. मग लिहिल्या त्या दोन ओळी. 'पहिली मोजणी मी नियम मोडून केली. दुसरी मोजणीही त्याच सवयीने बिघडली आहे. मुलीची रोजची चाल याहून फार कमी आहे.'

बुधवारच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "पण बाई, दोन्ही आकडे वर आहेत. रोजची चाल कमी आहे याला पुरावा काय?"

"पुरावा बक्कलकाकांकडे आहे," मी म्हटलं.

काकांना बोलावलं. ते हात पुसत आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रविवारी मुकादमकडून आणलेले बूट आणि गुडघ्यांच्या गाद्या त्यांनी टेबलावर मांडल्या. बुटांचे ठिपके पहिल्या मोजणीच्याही आधीचे, दुरुस्तीनंतर नवे द्यायची वेळच आली नव्हती, तरी जवळजवळ शाबूत, शेजारी कोरलेली तारीख. गाद्यांचे ठिपके गेलेले, त्यांचीही तारीख. त्यांनी चार वाक्यांत समजावून सांगितलं. बूट या हातातून त्या हातात फिरला. कुणीच हसलं नाही.

"हे तर शेंबडं पोरही सांगेल," मोठे डॉक्टर म्हणाले. "काका, तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मोजणीच्या दिवशी व्हरांड्यात असलेल्या त्या दोघी मुली तिथेच बसल्या होत्या. दोघी टेबलाकडे बघायला लागल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"राहून गेलं, साहेब."

"राहून गेलं? मुलीचं शाळेचं वर्ष गेलं, काका! अशी गोष्ट राहून जाते?"

"चुकलं, साहेब."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "स्वतःची चूक अशी चारचौघांत मांडायला धैर्य लागतं, बाई. बाकीच्यांनी शिकावं." काहींनी माना डोलावल्या. मला एकच वाक्य बोलायचं होतं: त्यांनी सांगितलं होतं, मीच त्यांना गप्प केलं. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी समोरचा कागद सरळ केला. अर्ज मंजूर झाला आणि पुढचा विषय सुरू झाला.

संध्याकाळी मी काकांच्या बाकापाशी गेले. "तुम्ही खोटं का बोललात?"

"खुर्ची मिळायला हवी होती ना? तिथे आपलं दुसरं भांडण उकरून बसलो असतो तर ती राहिली असती बाजूला."

"मी सांगायला हवं होतं."

'जाऊ द्या हो बाई' असं ते म्हणतील, अशी मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. सुईत दोरा ओवायला घेतला, मग दोऱ्याचं टोक माझ्याकडे केलं. "एवढं धरा जरा. ताणून धरा." मी शिवण होईपर्यंत धरून उभी राहिले.

खुर्ची पाच आठवड्यांनी आली. मुकादम शाळेत जायला लागली, गाडीतून, आणि तिथे पहिल्याच दिवशी गाडीवाल्याला आरसा पुसायला सांगितलं म्हणे. केंद्रात आली तेव्हा काकांनी दोन्ही चाकांना तीन-तीन ठिपके दिले. ती व्हरांड्यातून सुसाट येत होती. मी दिसले तशी तिने चाकं करकचून धरली, खुर्ची थांबली. पाय जुळवून घेतले, पाठ ताठ केली.

"बाई, रागावलात? पुढच्या खेपेला चालेन हं मी."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हटलं, "मी नाही रागावले. मीच चुकले. तू चालत ये, रांगत ये, खुर्चीतून ये." मोठी माणसं समजूत घालायला काहीही बोलतात, हे मुलांना ठाऊक असतं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. पण माझ्यासमोर पाठ ताठ करायची तिची सवय पुढे कधीच गेली नाही. आता ती चांगली नोकरी करते. परवा बाजारात भेटली, तर मला बघताच तिने पाय जुळवून घेतले.

काकांच्या नोकरीच्या नोंदवहीत मात्र त्या बुधवारी एक ओळ पडली होती, 'महत्त्वाची माहिती वेळेत दिली नाही.' ती निवृत्तीपर्यंत तशीच राहिली. निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "काका कामाला एक नंबर. फक्त सांगायला विसरतात." सगळे हसले. काकाही हसले. मी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना गप्प केलं ते चारचौघांत. त्यामुळे हे नुसतं मनात म्हणून भागणार नाही, चारचौघांतच म्हणायला हवं. काकांचं काही राहून गेलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी, त्याच जागी, बूट उलटा करून मला सांगितलं होतं.